टिपण कोठे, काम कोठे?

मोबाइलवर टिपणांचे ॲप ठेवावे की साध्या कामयादीचे, हे लिहिलेला मजकूर पुढे कशासाठी लागणार यावर ठरते.

टिपण, म्हणजे पुन्हा वाचण्यासाठी जपलेली माहिती, शोधल्यावर सापडले की पुरते;
काम मात्र ठरल्या दिवशी समोर यावे लागते आणि झाल्यावर यादीतून जावे लागते.

म्हणून वीजबिलाचा ग्राहक क्रमांक टिपणात ठेवावा, तर बिलाची मुदत यादीत, कारण तेथे आवर्ती स्मरण, म्हणजे दर महिन्याला आपोआप येणारी आठवण, लावता येते.

पुन्हा सांगायचे, तर टिपण सापडावे लागते, काम संपावे लागते.

२०१३ साली आलेल्या गूगल कीप या टिपणांच्या ॲपमध्ये खुणेच्या चौकटींची यादीही करता येते, आणि किराण्यापुरती ती पुरेशी आहे;
परंतु ज्यांची कामे विसरल्यामुळे राहतात, त्यांनी आधी कामयादीच घ्यावी.