आकाशातील गुन्हा आणि भूमीवरील न्याय



स्वभूमीपासून दूर राहणाऱ्या आपणां सर्वांस विमानप्रवास आता नित्याचा झाला आहे. म्हणून एक प्रश्न आपल्यापुढे ठेवण्याची आम्हांस अनुज्ञा असावी. विमान एका देशाचे, प्रवासी अनेक देशांचे आणि अपहरण तिसऱ्याच भूमीवर झालेले. मग न्याय कोणी करावा?

जेथे गुन्हा तेथे न्याय, ही फौजदारी कायद्याची जुनी धारणा. १९६३ च्या टोकियो कराराने विमानाची नोंदणी जेथे असेल त्या देशाचा अधिकार मान्य केला. परंतु अपहरणकर्त्यावर खटला भरण्याचे बंधन कोणावरही घातले नाही. ती उणीव १९७० च्या हेग कराराने भरून काढली. आरोपी ज्या देशात सापडेल त्याने त्यास अधिकार असलेल्या देशाच्या स्वाधीन करावे, अन्यथा स्वतः खटल्याची कार्यवाही करावी, असा दंडक त्याने घातला. अपराध्यास कोठेही थारा मिळू नये, हा त्यातील हेतू.

५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून न्यूयॉर्ककडे निघालेले पॅन ॲमचे विमान कराचीच्या विमानतळावर सशस्त्र टोळीने ताब्यात घेतले. प्रवाशांचे प्राण वाचविताना नीरजा भनोट यांस वीरमरण आले. टोळीचा नायक सफारिनी यास पाकिस्तानात शिक्षा झाली. २००१ साली तो सुटला आणि लगोलग अमेरिकेच्या हाती लागला. विमान अमेरिकन, मृतांत अमेरिकन नागरिकही. त्या आधारे तेथील न्यायालयाने २००४ मध्ये त्यास १६० वर्षांचा कारावास ठोठावला.

एका कृत्याबद्दल दोनदा शिक्षा का, असे कोणी विचारील. शंका रास्त आहे. परंतु एका सार्वभौम राष्ट्राचा निकाल दुसऱ्यास सामान्यतः बांधून ठेवीत नाही; आणि मृतांच्या आप्तांस न्याय मागण्याचे दुसरे दार उघडे राहते, हेही थोडे नव्हे. भारताच्या २०१६ च्या अपहरणविरोधी कायद्यानेही, परदेशातील अपहरणात भारतीयांस इजा पोहोचल्यास, असा अधिकार आपल्या न्यायालयांस दिला आहे.

तथापि केवळ अधिकाराने भागत नाही. डिसेंबर १९९९ मध्ये कंदाहारला नेलेले विमान भारताचे होते, भारताचा अधिकार निर्विवाद होता. तरीही अपहरणकर्ते तेथून मोकळे निघून गेले. कायद्याचा हात सीमेपलीकडे पोहोचतो तो पलीकडच्या राज्याने साथ दिली तरच. करारावर सही करणे सोपे. दाराशी आलेल्या अपराध्यास थारा नाकारणे, हीच त्या सहीची खरी कसोटी होय.