दाताची कीड आणि चांदीचे पाणी
(तळा येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



दाताला कीड लागली असे आपण म्हणतो. पण दातात किडा नसतो. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन ‘किडे’ पाडून दाखविणारे लोक पूर्वी खेडोपाडी हिंडत. पडत ते बहुधा बियांतलेच वळलेले कोंभ! फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार याने १७२८ सालीच हा किडा नाकारला. दात पोखरते ते गोडावर पोसलेल्या जंतूंचे आम्ल.

आमच्या साडेचार वर्षांच्या नातवाच्या चार दातांची अशीच गत झाली. यंत्राची घरघर ऐकताच त्याने जे तोंड मिटले ते उघडेचना. तेव्हा दंतवैद्यांनी कोरण्याचा आग्रह सोडला, किडका दात कापसाने कोरडा केला व सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब त्यावर मिनिटभर चोळला. यातील चांदी जंतू मारते. फ्लोराइड मऊ पडलेला भाग कठीण करते. जपानात हे औषध अर्धशतकाहून अधिक काळ वापरात आहे. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतले.

घरी मात्र गहजब झाला. किडलेला भाग काळाकुट्ट पडला होता. “पोराच्या दाताला डांबर का फासलेत?” असे आमच्या वहिनींनी विचारले. देवघरातील चांदीची भांडी काळवंडतात, त्याचा आम्हांस कधी विषाद वाटत नाही. येथे तर तो काळेपणा कीड थबकल्याची खूण होती. पुढचे दुधाचे दात सहासात वर्षांचे झाल्यावर पडतातच. दिसण्याच्या लाजेपायी उपचार नाकारून पोरास रात्रभर रडविणे आम्हांस तरी शहाणपणाचे वाटत नाही.

या औषधाने खड्डा मात्र भरत नाही, आणि बहुधा वर्षातून दोनदा ते पुन्हा लावावे लागते. दात रात्री आपोआप ठणकू लागला, हिरडीस सूज वा पू आला, तर कीड आतल्या मज्जेपर्यंत पोचली असे समजावे; तेथे हा थेंब उपयोगी नाही. चांदीचे वावडे असणाऱ्यांसही तो वर्ज्य.

एक गोष्ट भगिनींनी विशेष ध्यानात घ्यावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे जी नवी दाढ उगवते, ती दुधाची नव्हे, जन्माची असते. ‘पडेल आपली’ म्हणून पुष्कळ घरी तिच्याकडे दुर्लक्ष होते, आणि ती गेली की पुन्हा येत नाही. तिच्यावर नुसता पांढुरका डाग दिसतो तोवर फ्लोराइडयुक्त पेस्टने, वाटाण्याएवढीच घेऊन, दोन वेळा दात घासणे व मधल्या वेळची गोळ्या-बिस्किटे बंद करणे एवढ्यानेही पुष्कळदा काम भागते.