सायकलवरून पडलेल्याचे डोके



सोलापूर हे सायकलींचे गाव. गिरणीचा भोंगा झाला की पाळीचे कामगार डबा अडकवून सायकलींवरून निघत. १९६३ मध्ये जुनी गिरणी बंद पडली, पुढे इतरही थंडावल्या. पूर्व भागातील यंत्रमाग कामगाराची आणि शाळकरी मुलांची सायकल मात्र सुटली नाही. या अतिपरिचयामुळेच तिचा अपघात कोणी गांभीर्याने घेत नाही. सायकलवरून पडला म्हणजे गुडघा खरचटला, हळद लावली, संपले!

सायकल सावकाश चालते हे खरे. पण धडक देणाऱ्या वाहनाचा वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते आणि स्वाराभोवती ना पत्रा असतो, ना पट्टा. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी नवी मुंबईत सकाळी सायकल चालवीत असलेले इंटेलच्या भारतीय शाखेचे माजी प्रमुख अवतार सैनी टॅक्सीच्या धडकेने मृत्यू पावले. सोलापूरच्या कामगाराला तर गळीत हंगामात अंधारात उसाच्या ट्रॉल्यांशेजारून घर गाठायचे असते आणि त्याच्या सायकलला मागे साधा लाल परावर्तकही नसतो.

सर्वांत घातक ती डोक्याची इजा. पडलेला मुलगा उठतो, कपडे झटकतो, घरी येऊन जेवतोही. काही तासांनी त्याला गुंगी येते. कवटीच्या आत रक्तवाहिनी फुटून रक्त साकळत असते. मधला शुद्धीचा काळ फसवा असतो. घरातले म्हणतात, दमला आहे, झोपू द्या. तीच चूक प्राणावर बेतते. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसणे, कान-नाकातून रक्त किंवा पाणी येणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर १०८ क्रमांक फिरवून सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. हँडल पोटात रुतले असेल तर प्लीहा किंवा यकृत फाटलेले असू शकते. वरून साधा वळही दिसत नाही. कॅरियरवर बसवलेल्या धाकट्याची टाच आऱ्यांत सापडते, ती गोष्ट वेगळीच.

सायकलस्वाराला कायद्याने शिरस्त्राणाची सक्ती नाही. तरीही अनेक देशांतील अभ्यासांच्या २०१६ च्या एकत्रित विश्लेषणात त्यामुळे डोक्याच्या गंभीर इजेची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी कमी झालेली आढळली. ट्रकच्या चाकाखाली अर्थातच ते निरुपयोगी.

आणि रस्त्यात पडलेला दिसला तर? पोलिसांच्या ससेमिऱ्याच्या भीतीने माणसे पुढे निघून जातात. वस्तुतः २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १३४-अ सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण देते. त्याला बसते करून पाणी पाजू नये. मान न हलवता, रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहावे.