विज्ञान शाखेची वाट कोण दाखवणार?
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



गरिबाच्या पोराला विज्ञानाची गोडीच नसते, असे लोक म्हणतात. मला हे पटत नाही. राईस मिलमध्ये एचएमटी धानाची पोती आम्ही वाहतो. हे वाण शोधले कोणी? आपल्या शेजारच्या नागभीड तालुक्यातील नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी. शिक्षण फक्त तिसरी! १९८३ साली त्यांना पटेल-३ धानात पिवळसर दाण्यांच्या वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, पुन्हा पुन्हा पेरल्या, निवडल्या. प्रयोग म्हणतात तो हाच. २०१८ मध्ये ते गेले, वाण मात्र राहिले.

तेव्हा गोडी आहे, अडते ते दुसरीकडे. बी.ए. करता करता पोरगं मजुरीला जाऊ शकतं. विज्ञानात प्रॅक्टिकल असते, हजेरी लागते, ट्यूशनचा खर्च येतो. कमाई उशिरा सुरू होते. मग घरात ठरते, आर्ट घे!

बाबासाहेबांनी हे केव्हाच ओळखले होते. १९४२ साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात त्यांनी आपल्या मुलांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी वर्षाला दोन लाख रुपयांच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली.

आधार मिळाला की काय होते, ते गडचिरोलीत पाहा. कुरखेडा तालुक्यातील चिरचाडीचे आदिवासी कुटुंबातले भास्कर हलामी. घरात कधी मोहफुले शिजवून खाल्ली. पण वडिलांनी शाळा सुटू दिली नाही. कसनसूरची आश्रमशाळा, मग शिष्यवृत्तीवर केळापूरचे विद्यानिकेतन, गडचिरोलीला बी.एस्सी., नागपूरला एम.एस्सी. पुढे अमेरिकेत पीएच.डी. करून ते औषध संशोधनात शास्त्रज्ञ झाले.

म्हणून आईबापांना माझी विनंती आहे. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला दहावीच्या निकालाआधीच काढून ठेवा. विज्ञान घेतले तर जात वैधतेचा अर्ज अकरावीतच करा, नाहीतर ऐन प्रवेशाच्या वेळी धावपळ होते. मुलगी हुशार असेल तर तिलाही विज्ञान घेऊ द्या. आपल्या वस्तीत जे डिप्लोमा, बी.एस्सी. झाले, त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ विहारात गणित शिकवावे. सिंदेवाहीतच धानाचे संशोधन केंद्र आहे, तिथे मुलांना एकदा नेऊन दाखवू या.

यंदा वस्तीतली किती मुले दहावीला आहेत, त्यांची यादी आजच करू या.