शिवणीत थोडी माया

भाकऱ्या झाल्या असतील, जनावरांना वैरण टाकून झाली असेल. आता घटकाभर टेका.

आज आम्ही बचत गटातल्या बायका कपड्यांविषयी बोलणार आहोत. लग्नाकार्याच्या नाही, रोजच्या. आपल्या अंगावर जे असतं, त्यात आपल्याला बरं वाटतं का?

बाळंतपणानंतर अंग भरतं, चाळिशीनंतर पोट सुटतं. जुनं पोलकं दंडात रुतायला लागतं, की आपण म्हणतो, "झाले मी जाडी, आता कुठं नटायचं!" आपल्या आज्यांची खणाची चोळी पुढं गाठीची असायची. अंग भरलं की गाठ सैल, उतरलं की घट्ट. चोळी बाईच्या मापानं चालायची. आपणही पोलकं शिवायला टाकताना ताईंना सांगू या, "आतून इंचभर माया ठेवा." पुढं उसवून सैल करता येतं.

तीच गोष्ट परकराची. बारीक नाडी रोज एकाच जागी करकचून बांधली की कंबरेला काळा वळ पडतो, कातडी सोलते. २०२४ साली वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन वयस्क बायकांची माहिती छापली. वर्षानुवर्षं नाडी घासून झालेली जखम चिघळत गेली आणि तिथं कातडीचा कर्करोग झाला. असं क्वचितच होतं, घाबरू नका. पण परकराला रुंद पट्टा लावा, नाडी सैल बांधा, गाठीची जागा बदलत राहा. जखम भरत नसेल तर लाजू नका, दवाखान्यात दाखवा.

आता रंगाचं बोलू. "या वयात लाल?" "नवरा गेला, हिला कशाला हव्यात बांगड्या?" ही बोलणी बाहेरून येत नाहीत, आपल्याच ओट्यावर होतात. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं.

ठराव गाव करतं, पण तो पाळायचा आपल्यालाच. आमच्या गटातली एकजण सात वर्षांनी पोपटी इरकल नेसून बैठकीला आली. कुणी काही विचारलं नाही. दोघी सरकल्या आणि तिला मधे जागा केली. तेवढ्यानं ती मोकळी बसली.

तर येत्या बैठकीला एवढंच करा. नवं काही घेऊ नका, उधारी करू नका. ट्रंकेच्या तळाशी ठेवलेलं, मनापासून आवडणारं लुगडं काढा, उन्हात टाका आणि नेसून या. जिला भीती वाटते, तिच्या घरी जाऊन तिला सोबत आणा. मग भेटू!