उन्हाळ्याच्या अखेरीस जुन्या वस्तूंच्या दालनात

(शिक्षक, पंचायत सदस्य आणि ग्रामीण भागातील अधिकारी यांच्यापुढील भाषणाचा मजकूर)

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आणि मृगाचा पहिला पाऊस यांच्या दरम्यान ग्रामीण महाराष्ट्राला थोडी उसंत मिळते. लग्नसराई ओसरलेली असते, मशागत उरकत आलेली असते, शाळा उघडण्यास अवकाश असतो आणि कोकणात आलेले चाकरमानी अद्याप परतीच्या गाडीस लागलेले नसतात. याच दिवसांत घरोघर आणखी एक काम निघते. पावसाळ्यापूर्वी छप्पर शाकारावयाचे, माळा रिकामा करावयाचा, म्हणून वर्षानुवर्षे अंधारात पडलेले सामान अंगणात येते. तांब्याचा बंब, पितळी घंगाळ, दांडी निखळलेली समई, वाळवी लागलेले जुने दप्तर. मोड घेणारा दारात उभाच असतो. काट्यावर वजन होते, चार पैसे हाती पडतात आणि तीन पिढ्यांनी वापरलेली वस्तू तासाभरात नुसता धातू होऊन गावाबाहेर जाते. मोडी लिपीतील कागदही मोडीतच जावेत, हा या भाषेतला एक खिन्न करणारा योगायोग आहे.

जुन्या वस्तूंची संग्रहालये पाहावयास याहून योग्य दिवस नाहीत, ते या कारणाने. ज्याने पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांची रांग एकदा डोळे भरून पाहिली, त्याच्या हातून घरचा अडकित्ता सहजासहजी काट्यावर पडत नाही. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचा पिढीजात व्यवसाय चष्म्यांचा. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविताही लिहीत. सुमारे १९२० पासून त्यांनी जुन्या वस्तू गोळा करण्यास आरंभ केला, तो अखेरपर्यंत सोडला नाही. अल्पवयात निवर्तलेल्या राजा या मुलाची स्मृती म्हणून या संग्रहास त्याचे नाव देण्यात आले. पुढे हा सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज त्यात वीस हजारांहून अधिक वस्तू असून त्यांपैकी सुमारे अडीच हजारच एका वेळी मांडलेल्या असतात.

केळकरांचे वेगळेपण त्यांच्या निवडीत आहे. राजेरजवाड्यांच्या तलवारी आणि दागिने जमविणारे पुष्कळ झाले. केळकरांनी पाय घासण्याच्या वज्री जमविल्या. दिवे, दौती, पानाचे डबे, कुंकवाचे करंडे, स्वयंपाकघरातील भांडी, कोरीव दरवाजे, वाद्ये. ज्या वस्तू बाईच्या हातात रोज असत आणि ज्यांची नोंद कोणत्याही बखरीत नाही, त्या येथे मानाने उभ्या आहेत. साध्या वज्रीच्या पाठीवर कारागिराने मोर किंवा हत्ती का बसवावा, या प्रश्नाचे उत्तर पाटीवर लिहिलेले नाही. पण तो प्रश्न सातवीच्या विद्यार्थ्याला पडला तर सहलीचे पैसे वसूल झाले असे समजावे. कोथरूड येथून उचलून आणून उभा केलेला मस्तानी महालही येथे आहे. बहुतेक शाळा नेमक्या त्याच दालनात वेळ घालवितात आणि दिव्यांपुढून धावत जातात. हा क्रम उलटा करावा.

पुण्याहून साताऱ्याकडे वळल्यास खटाव तालुक्यातील औंध हे गाव चुकवू नये. यमाईच्या डोंगरावरील श्री भवानी संग्रहालय १९३८ साली औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी उभारले. ते स्वत: चित्रकार होते. राजा रविवर्मा, धुरंधर यांची चित्रे, बंगाली परंपरेतील चित्रे, हस्तिदंती व लाकडी कोरीव काम आणि या सगळ्यांच्या मध्ये हेन्री मूर या जगद्विख्यात इंग्रज शिल्पकाराचे ‘माता आणि बालक’ हे दगडी शिल्प! माणदेशाच्या उंबरठ्यावरील एका डोंगरावर ते असावे, याचे पाहुण्यांना आश्चर्य वाटते. औंधकरांना वाटत नाही. पंचायत सदस्यांनी या गावी जावे याला आणखी एक कारण आहे. याच राजाने १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना लागू केली आणि तिचा पाया ग्रामपंचायतींवर रचला. आपल्या संस्थानातील लहानशा गावात संग्रहालय बांधणारा आणि गावाच्या हाती कारभार देणारा मनुष्य एकच होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील संग्रहालयात ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती पाहावी. पंचगंगेकाठच्या या वसाहतीचे उत्खनन १९४५-४६ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी केले. रोमन जगाशी दख्खनचा असलेला व्यापार पुस्तकातून शिकविण्यापेक्षा ही वीतभर मूर्ती दाखविणे अधिक परिणामकारक ठरते.

कोकणात गेलेल्यांसाठी कुडाळजवळील पिंगुळी हे गाव आहे. ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा येथे जिवंत आहे. कागदावर रंगविलेल्या चित्रांचे संच, ज्यांना पोथ्या म्हणतात, एकेक चित्र पुढे करीत, गाऊन सांगितल्या जातात. जोडीला कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्याही आहेत. परशुराम विश्राम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचे रूपांतर कलादालनात केले आणि तेथे हा ठेवा लोकांसाठी खुला केला. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. संग्रहालयासाठी प्रथम इमारत, मग अनुदान, मग समिती, असा क्रम ज्यांच्या डोक्यात पक्का बसला आहे त्यांनी हा गोठा अवश्य पाहावा.

दालनांबरोबर बाजारही पाहण्याजोगे आहेत. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरत आला आहे. मुंबईत भेंडी बाजाराच्या परिसरात मटण स्ट्रीटवर जुन्या वस्तूंची दुकाने आहेत. हाच तो चोर बाजार. ‘शोर’चे ‘चोर’ झाले अशी त्या नावाची उपपत्ती सांगतात. चावीचे ग्रामोफोन, जहाजांवरचे कंदील, चिनी मातीच्या बरण्या, जुन्या चित्रपटांची भित्तिपत्रके, विलायती घड्याळे यांचे ढीग तेथे लागलेले असतात. नजर तयार करण्यास बाजारासारखी शाळा नाही. खरा जुना पितळी दिवा आणि आम्लात बुडवून काळा केलेला नवा दिवा शेजारी शेजारी ठेवलेले असतात. कडा कोठे झिजल्या आहेत ते पाहावे. हात जेथे लागतो तेथे खरी झीज असते. नकलेची झीज सगळीकडे सारखी असते.

परंतु बाजारातील वस्तूला एक प्रश्न विचारून पाहावा: ही कोठली? उत्तर ठरलेले असते. ‘एका जुन्या वाड्यातली.’ कोणता वाडा, कोणते गाव, कोणाच्या देवघरातली, हे विकणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते. वस्तू टिकते, तिचे गाव हरवते. गाव हरवल्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर दायमाबादने दिले आहे.

अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९५८-५९ साली तेथे पहिले उत्खनन झाले होते. १९७४ मध्ये तेथील एका भिल्ल शेतकऱ्यास झुडपाची मुळे खणताना कांस्याच्या चार वस्तू मिळाल्या. बैलजोडी जुंपलेला आणि सारथी उभा असलेला रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. एकट्या रथाची लांबी ४५ सेंटिमीटर आणि सर्वांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. असा ठेवा भारतात फार थोड्या ठिकाणी मिळाला आहे. त्या मोडीत गेल्या नाहीत, हे महाराष्ट्राचे भाग्य. त्यांतील काही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळतात. दायमाबादेस पुन्हा उत्खनन झाले, ते १९७९ पर्यंत चालले.

तरीसुद्धा एक उणीव राहिली, ती आजतागायत भरून निघालेली नाही. या वस्तू उत्खननात, थर मोजून, निघाल्या नव्हत्या. त्या मातीच्या कोणत्या थरात होत्या, त्यांच्या शेजारी कोणती खापरे होती, हे त्या क्षणी कोणी टिपले नाही. त्यामुळे विद्वानांत मतभेद झाला. म. न. देशपांडे, शि. रं. राव, श. अ. साळी यांनी त्या उत्तर हडप्पा काळातील, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे दोन हजार वर्षांच्या आसपासच्या मानल्या. डॉ. डी. पी. अग्रवाल यांनी धातूची परीक्षा केली, त्यात एक टक्क्याहून अधिक आर्सेनिक आढळले. ताम्रपाषाण काळातील इतर वस्तूंत असा मिश्रधातू दिसत नाही, म्हणून त्या बऱ्याच नंतरच्या, ऐतिहासिक काळातील असाव्यात असे त्यांनी म्हटले. फरक शंभर-दोनशे वर्षांचा नाही. दीड-दोन हजार वर्षांचा आहे. यात त्या शेतकऱ्याचा दोष नाही. थर म्हणजे काय हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याच्या गावच्या शाळेत, चावडीवर ते सांगितले गेले असते तर कदाचित हा वाद निकालात निघाला असता.

कायद्याची माहितीही चावडीवर असावयास हवी. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ चा आहे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावयाचे असते. ‘सरकार सगळे घेऊन जाते’ या समजुतीने लोक वस्तू लपवितात आणि रातोरात विकतात. वस्तुत: ठेव्याचा कोणी मालक निघाला नाही आणि दोघांत काही करार नसेल, तर तीन-चतुर्थांश वाटा सापडणाऱ्यास आणि एक-चतुर्थांश जमीनमालकास मिळावा, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. शासनाने ठेवा स्वत:कडे घ्यावयाचे ठरविल्यास जिन्नसाची किंमत आणि वर तिचा एक-पंचमांश भाग द्यावा लागतो. उलट, लपविल्यास वाटाही जातो आणि शिक्षाही होते. तलाठी व ग्रामसेवक यांनी एवढे जरी पाराखाली वाचून दाखविले तरी पुष्कळ काम होईल.

दुसरा कायदा १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम. तो ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने महत्त्वाचे हस्तलिखित त्यात येते. अशा वस्तूंचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही, खाजगी व्यक्तीला त्या परदेशी पाठविता येत नाहीत, आणि शिल्पे, चित्रे, सचित्र हस्तलिखिते अशा ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते. बाजारात हौसेने मूर्ती विकत घेणाऱ्याने हे आधी ध्यानात आणावे. देवळातील मूर्ती ज्या वाटेने नाहीशी होते, ती वाट पुष्कळदा अशाच एखाद्या हौशी दिवाणखान्यात संपते.

चोरीने जाते त्यापेक्षा अधिक मात्र श्रद्धेने जाते, हे कटू असले तरी बोलले पाहिजे. जीर्णोद्धाराच्या उत्साहात वीरगळ पायात गाडले जातात, सतीशिळेवर तैलरंगाचे थर चढतात, शिलालेखावर फरशी बसते. अलिबागजवळील अक्षी येथील शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा मानला जातो. मराठीच्या आद्य लेखांत त्याची गणना होते, आणि तो वर्षानुवर्षे रस्त्याच्या कडेला उभा होता. असे किती दगड किती गावांत धुणे आपटण्याच्या कामी आले असतील! जीर्णोद्धाराचा ठराव ग्रामसभेपुढे येईल तेव्हा आवारातील जुन्या दगडांची यादी त्याला जोडण्याची प्रथा पडावी. यादी करणे हे शिक्षक आणि चार मुले यांचे एका सकाळचे काम आहे: दगड कोठे आहे, लांबी-रुंदी किती, वर काय कोरले आहे, गावातील वृद्ध त्याला काय म्हणतात, आणि एक छायाचित्र. दगड हलवू नये, धुऊन काढू नये, अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडूने गिरवू नयेत.

एक गाव असे आहे की जेथे हे काम एका रहिवाशाने पुष्कळ आधी केले. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आहे. गोरा कुंभारांचे गाव म्हणून वारकरी तेथे जातात. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्याच गावच्या मातीतून निघणारी नाणी, मणी, भाजक्या मातीच्या मूर्ती, शंखाच्या बांगड्या जमवून जपून ठेविल्या. त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आज तेथे आहे. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतील पाँपेई येथे मिळालेल्या मूर्तीची बहीण शोभावी अशी आहे. लामतुरे यांच्या संग्रहातील वस्तूंना गाव विचारावे लागत नाही. गाव दाराबाहेरच आहे.

तेरप्रमाणेच कित्येक गावांत पांढरीचे टेकाड असते. मृगाच्या सरी पडल्या की वरची माती वाहून जाते आणि मणी, खापरे, क्वचित एखादे नाणे उघडे पडते. मुले ते खिशात घालतात. ते कोठे मिळाले हे सांगण्यास ती उत्सुकच असतात. शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांना विचारावे, आणि उत्तर वहीत तारखेनिशी लिहून ठेवावे.