वावळ, वारा आणि आपाचं कॅलेंडर



कवितेत वारा आणणं फार सोपं असतं. माघ सरत आला, पानगळ झाली, वारा सुटला, की आम्हा कवींच्या वह्या भरू लागतात. मीही अशा पुष्कळ ओळी लिहिल्या. त्यातली एक कविता मी माझ्या थोरल्या बहिणीला, आपाला वाचून दाखवत होतो, तेव्हा ती उशांना टेकून बसली होती. आडवं झालं की तिला श्वास पुरत नसे. कविता ऐकून ती म्हणाली, "छान आहे. पण तेवढी खिडकी लावून घे. तुझा हा वारा मला सोसत नाही."

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. शास्त्राशी माझा संबंध शाळेतच सुटला होता. आपाच्या त्या वाक्यानं मला पुन्हा त्याच्या दारात नेऊन उभं केलं.

कोंढव्यात आमच्या इमारतीच्या कुंपणाला लागून एक जुना वावळ आहे. राखाडी सालीचं, पान चुरगळलं की उग्र वास देणारं हे झाड पुण्यात अनेक ठिकाणी दिसतं. एका एप्रिलमध्ये त्याच्या कागदासारख्या पातळ, चपट्या फळांचा आवारात सडा पडला. जिन्यात, गॅलरीत, गाड्यांच्या काचांवर, सगळीकडे तेच. लगेच सोसायटीत एक अर्ज फिरू लागला. 'या झाडाच्या परागांमुळे रहिवाशांना दमा होतो, सबब ते तोडण्याची परवानगी मिळावी.' शहरातलं झाड तोडायचं तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्जात उदाहरण म्हणून आपाचाच उल्लेख होता. कागद माझ्या सहीसाठी घरी आला.

आपा म्हणाली, "सही करण्याआधी माझं कॅलेंडर बघ."

दुधाचा हिशेब लिहायच्या कॅलेंडरवरच ती, ज्या रात्री धाप लागे त्या तारखेला, पेन्सिलीनं फुली मारत असे. मागच्या वर्षाचंही कॅलेंडर त्याच खिळ्याला होतं. दोन्हींवर जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत फुल्यांची दाटी होती. एप्रिलचं पान जवळजवळ कोरं!

म्हणजे ज्या महिन्यात आम्ही झाडावर फिर्याद केली, त्या महिन्यात त्याचा काही अपराध नव्हता. जी डोळ्यांना दिसत होती ती फळं होती, आणि ती श्वासावाटे आत जाण्याइतकी लहान नसतात. वावळ फुलतो तो त्याच्या कितीतरी आधी, थंडी ओसरताना, फांद्या उघड्याबोडक्या झाल्यावर. फुलं बारीक, हिरवट-तपकिरी. ती कुणाच्या लक्षातही येत नाहीत. त्यांना मधमाशीला बोलवायचं नसतं, म्हणून रंग नको की गंध नको. त्यांचा टपालवाला म्हणजे वारा. त्याच्या हाती दिलेले परागकण साधारण मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढे, कोरडे आणि हलके असतात.

याच्या उलट आपली सातवीण. ऑक्टोबरात तिच्या घमघमाटानं रस्ते भरतात आणि लोक नाकाला रुमाल लावतात. त्या वासाचा काहींना त्रास होतोही. पण तिचे पराग मुख्यतः कीटक नेतात, वाऱ्यावर ते फारसे जात नाहीत. दिसतं आणि दरवळतं त्याच्यावर आळ येतो. खरा पाहुणा मात्र न दिसता घरात शिरतो.

पण फुलं तर सलग काही आठवडे येतात, मग फुल्या रोज का नव्हत्या? मी वाचनालयात जाऊन त्या दोन वर्षांच्या वर्तमानपत्रांतली हवामानाची चौकट पाहिली. शिवाजीनगरच्या ज्या हवामान कचेरीला आपण अजून शिमला ऑफिस म्हणतो, ती १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आली. तिथले आकडे आपण उद्या स्वेटर घालायचा की नाही, एवढ्यापुरतेच वाचतो. मी ते आपाच्या फुल्यांशेजारी मांडले. फुल्या पडल्या होत्या त्या बहुतेक कोरड्या, लख्ख उन्हाच्या दिवशी. ढगाळ, दमट दिवस सुटलेले होते. आणि दोन-तीन दिवसांचं मळभ सरून ऊन पडलं, की लागोपाठ फुल्या.

एका माणसाच्या फुल्या म्हणजे शास्त्रीय पुरावा नव्हे. पण शास्त्र जे सांगतं त्याच्याशी त्या जुळत होत्या. परागकोश दमट असेपर्यंत मिटलेला राहतो. ऊन चढतं, हवा कोरडी होते, तसा तो वाळून उकलतो. मळभात अडून राहिलेला पराग पहिल्या कोरड्या दिवशी एकदम सुटतो. दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा वर उठते आणि कणांना उंच नेते. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांना स्वतःलाच परागांचा त्रास होता. त्यांनी चिकट काचपट्ट्या पतंगांना बांधून उडवल्या आणि हजार फुटांहून अधिक उंचीवरही पराग पकडले. १८७३ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी ते नोंदवलं आहे. संध्याकाळी हवा निवते, तसे हे कण पुन्हा खाली उतरू लागतात. झाड सकाळी उधळतं आणि आपाला धाप रात्री लागते, त्याचं एक कारण हेही असू शकेल.

पावसाची तऱ्हा आणखी वेगळी. संथ सर हवा धुऊन काढते. पण गडगडाटी वादळात परागकण पाणी पिऊन फुटतात आणि त्यांचे सूक्ष्म तुकडे थेट फुप्फुसात खोल जातात. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी मेलबर्नमध्ये गवताच्या परागांनी असाच घात केला. हजारो लोकांनी रुग्णालयं गाठली आणि दहा जणांचा मृत्यू झाला.

आपाला आम्ही डॉक्टरांकडे नेलं. त्वचेवरच्या चाचणीत वावळानं लाल गांधी उठवली. म्हणजे झाड अगदीच निष्पाप नव्हतं! मग सही करायची? डॉक्टरांनी समजावलं, की वाऱ्यावरचा पराग मैलोन्‌मैल जातो. कुंपणावरचा एक वावळ तोडला, तरी बाकीचे वावळ आहेतच. त्यांनी औषधं बांधून दिली, ती नेमानं घ्यायला सांगितली. त्या दिवसांत खिडक्या कधी लावायच्या, कपडे बाहेर का वाळत घालायचे नाहीत, तेही सांगितलं.

तरी मी घुटमळत होतो. झाडाच्या बाजूनं बोलणं मला सोपं होतं, कारण श्वास माझा कोंडत नव्हता. म्हणून कागद आपासमोर ठेवला. तिनं आपल्या नावावर रेघ मारली आणि म्हणाली, "दहा महिने सावली देतो. दोन महिने मी सांभाळीन." मी सही केली नाही. अर्ज पुढे बारगळला.

चंडीगडसाठी २०२२ साली शास्त्रज्ञांनी परागांची दिनदर्शिका तयार केली. कुठल्या महिन्यात कोणत्या झाडाचा पराग हवेत असतो, ते तिच्यात पाहता येतं. तुमच्या घरात कुणाला धाप लागत असेल, तर तुम्हीही पेन्सिल हाती घ्या. तारीख, ऊन, ढग, वारा एवढं लिहा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. कुऱ्हाडीचा विचार त्यानंतर करा.

आमच्याकडे आता ऊन कोरडं पडलं की आपा कॅलेंडरकडे बघते, औषध घेते आणि खिडकी लावते. कविता मी बंद खिडकीआड वाचतो. वाऱ्याची असली, तरी ती ऐकते.